चित्रगृहातून घराकडे : आठ आठवड्यांचे अंतर

हल्ली कोणताही नवा चित्रपट लागला की घराघरांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. 'कसा आहे?' हा प्रश्न मागे पडला. आता पहिला प्रश्न 'घरी कधी येणार?' हा. तो विचारणारा कंजूष असतो किंवा आळशी असतो असे मुळीच नाही. चौघांचे कुटुंब मल्टिप्लेक्सला न्यायचे म्हणजे तिकिटे आली, रिक्षा आली, मध्यंतरातले खाणेपिणे आले. मग माणूस हिशेब करतो, आणि त्या हिशेबात एक आकडा महत्त्वाचा ठरतो. चित्रपट थिएटरात लागल्यापासून किती दिवसांनी घरच्या पडद्यावर येणार, हा तो आकडा.

हा आकडा कोण ठरवतो आणि कसा ठरवतो, हे आज आपण पाहू.

प्रथम दोन तारखा पाहा. 'पठाण' २५ जानेवारी २०२३ रोजी चित्रगृहांत लागला आणि २२ मार्चला ओटीटीवर आला. त्याच वर्षी 'जवान' ७ सप्टेंबरला लागला आणि २ नोव्हेंबरला ओटीटीवर आला. बोटांवर मोजून पाहा. दोन्ही वेळा अंतर बरोबर छप्पन्न दिवसांचे, म्हणजे आठ आठवड्यांचे आहे. निर्माते निराळे, ओटीटी कंपन्या निराळ्या, दिवस मात्र तेवढेच. हा योगायोग नाही. धंद्यातल्या लोकांनी भांडून-तंटून ठरवलेली ही मुदत आहे. त्यांच्या बोलीत तिला 'विंडो' म्हणतात. या मुदतीत चित्रपट फक्त चित्रगृहाचा. ती संपली की पुढच्याची पाळी.

तसे पाहिले तर ही पाळीची पद्धत जुनी आहे. चित्रपट रिळांवर यायचा तेव्हा त्याच्या प्रती मोजक्या असत, आणि प्रत्येक प्रतीला पैसे पडत. त्यामुळे चित्र आधी मुंबई-पुण्यात लागायचे, तिथे त्याचा भर ओसरला की जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्याला, आणि सरतेशेवटी, रिळांवर ओरखडे पडून पडद्यावर पाऊस दिसू लागला, की जत्रेतल्या तंबूत. मुंबईकराने जे चित्र पाहिले तेच तंबूतल्या प्रेक्षकाने वर्ष-दोन वर्षांनी पाहिले. त्याला ते शिळे वाटले नाही, कारण त्याच्यासाठी ते त्याच दिवशी ताजे होते.

अमेरिकेतही हेच होते, फक्त जास्त काटेकोर. शहरातल्या मोठ्या चित्रगृहाला पहिला मान, मग ठरावीक दिवस थांबून उपनगरातल्या चित्रगृहाला, मग आणखी थांबून स्वस्त चित्रगृहाला. मोठ्या स्टुडिओंची स्वतःचीच चित्रगृहे होती आणि हे थांबण्याचे दिवस ते आपल्या सोयीने लांबवत. शेवटी प्रकरण न्यायालयात गेले. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात निकाल दिला आणि त्याच्या परिणामी मोठ्या स्टुडिओंना चित्रगृहांची मालकी सोडावी लागली. त्या खटल्यातून आलेले निर्बंध २०२० साली उठवले गेले. तो मुहूर्त कसा साधला गेला, ते पुढे ओघात येईलच.

आता या पाळीमागचे इंगित काय? आपल्या हापूसचा हिशेब आठवा. हंगामाची पहिली पेटी वाशीच्या बाजारात येते तेव्हा तिला चढा भाव मिळतो. ज्याला पहिल्या आंब्याची हौस आहे तो तो भाव देतो. मग आवक वाढते, भाव उतरतो, आणि मे महिन्याच्या मध्यावर तोच आंबा तुमच्या-आमच्या आवाक्यात येतो. बागायतदाराने पहिल्याच दिवशी सगळा माल एका भावात काढला, तर चढा भाव देणाराही स्वस्तात घेऊन जाईल. चित्रपटाचेही तसेच. ज्याला पहिल्या दिवशी पाहायचे आहे त्याने दर माणशी तिकीट काढावे. ज्याला थोडी कळ काढता येते त्याने घरी भाड्याने पाहावे. ज्याला मुळीच घाई नाही त्याने वर्गणीत मिळेल तेव्हा पाहावे. एकच माल, तीन गिऱ्हाइके, तीन भाव. आणि हे तीन भाव वेगळे ठेवायचे तर मध्ये दिवसांचे कुंपण लागते. मुदत म्हणजे हे कुंपण.

फरक एवढाच की आंबा खरोखर नासतो. चित्रपट नासत नाही, त्याची चर्चा नासते. पहिल्या दोन आठवड्यांत लोक ज्या चित्राबद्दल बोलतात, त्याबद्दल सहाव्या महिन्यात कोणी बोलत नाही. म्हणून कुंपण फार जवळ घातले तर थिएटरचे गिऱ्हाईक तुटते, आणि फार लांब घातले तर घरच्या गिऱ्हाइकाला चित्राचा विसर पडतो. मधला बिंदू कोणता, हाच खरा वाद आहे.

व्हिडिओ कॅसेट आली तेव्हा या कुंपणाला घराची बाजू प्रथम मिळाली. १९७७ साली अमेरिकेत एका छोट्या कंपनीने फॉक्स स्टुडिओकडून पन्नास जुन्या चित्रपटांचे हक्क घेऊन त्यांच्या कॅसेट विकायला सुरुवात केली. इतर स्टुडिओ मात्र धास्तावले होते. युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी घरी चित्रफीत भरून घेण्याच्या यंत्राविरुद्ध सोनी कंपनीवर दावा लावला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला. गंमत अशी की, ज्या यंत्राला स्टुडिओ घाबरत होते त्याच यंत्राने पुढे त्यांची तिजोरी भरली. १९९७ साली आलेल्या डीव्हीडीने तर त्याहून अधिक. त्या काळात चित्रपट लागल्यापासून सुमारे सहा महिन्यांनी कॅसेट बाजारात येई. पुढे ही मुदत हळूहळू आखडत गेली आणि २०१९ पर्यंत ती तीन महिन्यांच्या आसपास येऊन ठेपली.

या मुदतीसाठी चित्रगृहवाले एवढे जिवाच्या आकांताने का भांडतात, हे समजायला तिकिटाच्या पैशाची वाटणी पाहावी लागते. आपल्याकडे २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात याच वाटणीवरून तंटा झाला आणि सुमारे दोन महिने मोठी चित्रे लागलीच नाहीत. तोडगा निघाला तो असा : करमणूक कर वजा जाता जी रक्कम उरेल तिच्यापैकी पहिल्या आठवड्यात पन्नास टक्के निर्मात्या-वितरकाच्या बाजूला, दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि त्यापुढे तीस टक्के. आता विचार करा. पहिल्या आठवड्याचा रुपया आला की निम्मा निर्मात्याचा. पाचव्या आठवड्याचा रुपया आला की सत्तर पैसे चित्रगृहाचे. म्हणजे निर्मात्याचा जीव पहिल्या आठवड्यात आणि चित्रगृहाचा जीव चौथ्या-पाचव्या आठवड्यात. शिवाय चित्रगृहाच्या कमाईचा मोठा वाटा पॉपकॉर्न आणि चहा-सरबतावर असतो. त्यातली दमडीही निर्मात्याकडे जात नाही. प्रेक्षकाने उंबरा ओलांडला तरच ती विक्री. चौथ्या आठवड्यात चित्र घरी आले तर नेमकी चित्रगृहाची वेळ येते तेव्हाच गाडी निघून गेलेली असते.

इथवर सगळे ठीक होते. मग आले वर्गणीचे दिवस. नेटफ्लिक्सने २००७ साली घरबसल्या चित्रपट दाखवायला सुरुवात केली. हा धंदा मुळातच वेगळा. इथे दर चित्रामागे तिकीट नाही. महिन्याची वर्गणी आहे, खानावळीसारखी. खानावळवाल्याची चिंता आजच्या भाजीचे किती पैसे आले ही नसते. पुढच्या महिन्यात माणूस जेवायला येईल ना, ही असते. नवे, चर्चेतले चित्र म्हणजे त्या ताटातले पक्वान्न. जोवर खानावळ दुसऱ्याची होती तोवर स्टुडिओ आपला माल त्याला सावकाशीने विकत. पण डिस्नेने नोव्हेंबर २०१९ मध्ये आणि वॉर्नरने मे २०२० मध्ये स्वतःच्या वर्गणीच्या सेवा काढल्या. आता स्टुडिओ दोन्हीकडचा झाला : बाजारात पेटी विकणाराही तोच आणि खानावळ चालवणाराही तोच.

नेमकी याच वेळी महासाथ आली आणि मार्च २०२० मध्ये जगभरची चित्रगृहे बंद पडली. युनिव्हर्सलने 'ट्रोल्स वर्ल्ड टूर' हे मुलांचे चित्र १० एप्रिलला थेट घरी दिले, अठ्ठेचाळीस तासांचे भाडे सुमारे वीस डॉलर. तीन आठवड्यांत त्यातून जवळपास दहा कोटी डॉलर आले, आणि घरच्या भाड्यात स्टुडिओचा वाटा तिकिटातल्या वाट्याहून बराच मोठा असतो. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या चित्रगृह कंपनीने, एएमसीने, रागाने जाहीर केले की यापुढे युनिव्हर्सलचे चित्र आमच्या पडद्यावर लागणार नाही. पण राग फार दिवस टिकला नाही. २८ जुलै २०२० रोजी दोघांत करार झाला. चित्र लागल्यावर सतरा दिवस, म्हणजे तीन शनिवार-रविवार झाले की युनिव्हर्सलने ते घरच्या भाड्याला द्यावे आणि त्या भाड्यातला काही वाटा एएमसीला मिळावा. तीन महिन्यांचे कुंपण सतरा दिवसांवर आले. आणि पुढच्याच महिन्यात १९४८ च्या खटल्याचे निर्बंध उठले.

वॉर्नरने तर याहून मोठी उडी मारली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांनी जाहीर केले की २०२१ मधली आपली सतराच्या सतरा चित्रे ज्या दिवशी थिएटरात लागतील त्याच दिवशी आपल्या वर्गणीदारांना अमेरिकेत घरी मिळतील. ज्यांनी ती चित्रे केली त्या दिग्दर्शकांना आणि नटांना हे आधी धड सांगितलेही नव्हते. इथे एक बारीक मुद्दा आहे, पण तोच फार महत्त्वाचा. मोठ्या नटाच्या करारात बऱ्याचदा तिकीटविक्रीतला हिस्सा असतो. चित्र वर्गणीत गेले की तिकीट नाही, आणि तिकीट नाही म्हणजे हिस्सा नाही. जुलै २०२१ मध्ये 'ब्लॅक विडो' हे चित्र डिस्नेने थिएटरात आणि, जादा पैसे घेऊन, घरी एकाच दिवशी दिले. पहिल्या तीन दिवसांत अमेरिका-कॅनडाच्या चित्रगृहांत सुमारे आठ कोटी डॉलर जमले, तर घरच्या पडद्यावरून जगभर सहा कोटींवर, असे डिस्नेने स्वतःच सांगितले. दुसऱ्या शनिवार-रविवारी मात्र चित्रगृहातली कमाई सुमारे दोन तृतीयांशाने घसरली. त्याच महिन्यात नायिका स्कार्लेट जोहान्सन हिने डिस्नेवर दावा लावला आणि सप्टेंबरात तो आपसांत मिटला. कुंपणाची जागा बदलली की पैसा कुणाच्या शेतातून कुणाच्या शेतात वाहतो, हे त्या दाव्याने सगळ्यांना दाखवून दिले.

एकाच दिवशी दोन्हीकडे देण्यात आणखी एक तोटा होता. घरी चित्र गेले की त्याची स्वच्छ, सुबक चोरटी प्रत पहिल्याच दिवशी जगभर पसरते. थिएटरात लपूनछपून केलेल्या डुगडुगत्या प्रतीची त्याच्यापुढे काय पत्रास!

मग वारे फिरले. पॅरामाउंटने 'टॉप गन : मॅव्हरिक' हे चित्र महासाथीत दोन वर्षे कुलुपात ठेवले होते. ते मे २०२२ मध्ये लागले, ऑगस्टअखेर घरच्या विक्रीला आले आणि वर्गणीदारांना थेट डिसेंबरात मिळाले. चित्रगृहांतून जगभर दीड अब्ज डॉलरच्या जवळपास कमाई झाली. पुढच्या वर्षी क्रिस्टोफर नोलन यांचे 'ओपनहायमर' २१ जुलैला लागले आणि घरच्या विक्रीला २१ नोव्हेंबरला आले. पुरते चार महिने! तीन तासांचे, बहुतांशी माणसे खोलीत बसून बोलतात असे हे चित्र, पण त्याने ९५ कोटी डॉलरहून अधिक मिळवले. वॉर्नरच्या २०२० च्या निर्णयावर उघड टीका करणारे नोलन हे चित्र घेऊन युनिव्हर्सलकडे गेले होते, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. स्टुडिओंना उमगले ते असे : थिएटरात गाजलेले चित्र घरीही जास्त पाहिले जाते. थिएटरातले चार-सहा आठवडे ही घरच्या पडद्याची जाहिरात ठरते, आणि जाहिरातीचे वर पैसे मिळतात. वॉर्नरही २०२२ पासून पंचेचाळीस दिवसांवर आले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या चित्रगृहचालकांच्या संघटनेने किमान पंचेचाळीस दिवस ही सर्वांनी पाळायची मर्यादा असावी अशी जाहीर मागणी केली.

फ्रान्समध्ये मात्र हा मामला सौद्यावर सोडलेला नाही. तिथे सरकारच्या देखरेखीखाली सगळ्यांनी मिळून वेळापत्रक केलेले आहे. जानेवारी २०२२ च्या ठरावाप्रमाणे फ्रेंच चित्रपटांत भरपूर पैसा घालणाऱ्या वाहिनीला सहा महिन्यांनी चित्र मिळे, नेटफ्लिक्सला पंधरा महिन्यांनी, डिस्नेच्या सेवेला सतरा महिन्यांनी. तत्त्व साधे आहे : जो आमच्या चित्रपटांत जास्त पैसा घालील त्याची पाळी आधी. डिस्नेने चिडून एक चित्र फ्रान्सच्या थिएटरात लावलेच नाही. पण २०२५ च्या जानेवारीत त्यानेही जास्त गुंतवणूक कबूल केली आणि नऊ महिन्यांवर पाळी मिळवली.

आपल्याकडे कायदा नाही. सगळे करारावर आणि दांडगाईवर. २०२० च्या टाळेबंदीत, १२ जूनला 'गुलाबो सिताबो' थेट ओटीटीवर आला तेव्हा मल्टिप्लेक्सवाल्यांनी नाराजी व्यक्त केली होती. थिएटरे उघडल्यावर काही काळ चार आठवड्यांवर निभावले आणि २०२२ च्या ऑगस्टपासून हिंदी चित्रांना आठ आठवडे हा दंडक घातला गेला. दक्षिणेत चार-पाच आठवड्यांचीच रीत राहिली. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये विजय यांचा 'लिओ' तमिळमध्ये धुमधडाक्यात लागला, पण त्याची हिंदी आवृत्ती देशभरच्या मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांनी लावली नाही. कारण एकच : आठ आठवड्यांची अट मान्य नव्हती.

या दंडकाची खरी परीक्षा मुंबईत झाली. 'भूल चूक माफ' हे चित्र ९ मे २०२५ रोजी लागायचे होते. आदल्या दिवशी निर्मात्यांनी देशातल्या तणावाच्या परिस्थितीचे कारण सांगून जाहीर केले की थिएटर रद्द, १६ मेला थेट ओटीटी. पीव्हीआर आयनॉक्सने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. आमच्याशी करार झाला आहे, तिकिटे विकली गेली आहेत, आता माघार कशी? न्यायालयाने ओटीटीवरच्या प्रदर्शनाला तात्पुरती मनाई केली. मग तडजोड झाली : चित्र २३ मेला थिएटरात लागले आणि ६ जूनला, म्हणजे अवघ्या दोन आठवड्यांनी, घरी आले. दोन्ही पक्ष काही जिंकले, काही हरले. पण करार केला की तो पाळावा लागतो, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

त्याच वर्षी आमिर खान यांनी तिसरीच वाट धरली. 'सितारे जमीन पर' २० जूनला थिएटरात लागला, आणि सहा आठवड्यांनी, १ ऑगस्टला, त्यांनी तो वर्गणीच्या सेवेला न देता यूट्यूबवर शंभर रुपये भाड्याने ठेवला. म्हणजे पुन्हा जुनाच तत्त्वविचार : ज्याला पाहायचे त्याने त्या चित्राचे पैसे द्यावेत.

आता आपल्या मराठी चित्रपटाकडे वळू, कारण या हिशेबाची झळ खरी लागते ती लहान चित्राला. 'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ रोजी लागला. बायकांनी गटागटाने, नऊवारी नेसून, बस करून थिएटरे गाठली. तिकीटविक्रीने पन्नास कोटींचा टप्पा ओलांडला. ओटीटीवर तो २५ ऑगस्टला आला, म्हणजे पुन्हा तेच आठ आठवडे. त्याला ती मुदत फळली, कारण त्याची कीर्ती तोंडोतोंडी पसरली आणि पसरायला वेळ मिळाला. उलट चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'चे पाहा. शास्त्रीय गाण्याच्या साधनेवरचे ते शांत, संथ मराठी चित्र. २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला पटकथेचे पारितोषिक मिळाले आणि ३० एप्रिल २०२१ रोजी ते नेटफ्लिक्सवर आले. थिएटरात ते किती दिवस टिकले असते कोण जाणे. घरच्या पडद्यावर मात्र ते देशोदेशीच्या रसिकापर्यंत एका दिवसात पोचले.

म्हणजे लहान चित्राला घरची वाट वरदान आहे, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो का? नाही. महासाथीच्या काळात ओटीटी कंपन्या चित्र न लागताच विकत घेत. नंतर त्यांनी हात आखडता घेतला. आधी थिएटरात लावा, तिथे काय होते ते पाहू, मग किंमत बोलू, अशी त्यांची भाषा झाल्याचे निर्माते सांगतात. आणि थिएटरात मराठी चित्राला मिळणार काय? दुपारी एकचा एखादा खेळ, तोही दुसऱ्या शुक्रवारी मोठे हिंदी चित्र आले की गेला. म्हणजे आठ आठवड्यांची मुदत कागदावर आहे, पण लहान चित्र पडद्यावर असते एक आठवडा. उरलेले सात आठवडे ते ना थिएटरात, ना घरी. ज्याला पाहायचे आहे त्यालाही ते कुठेच सापडत नाही, आणि तोवर त्याची चर्चा विझलेली असते. मोठ्या चित्राला तारणारी मुदत लहान चित्राला मारू शकते. सगळ्यांना एकच माप लावण्यातली खोट ती हीच.

मग उपाय काय? युनिव्हर्सलने अमेरिकेतल्या दुसऱ्या एका चित्रगृह कंपनीशी २०२० साली जो करार केला त्यात एक शहाणी सोय होती : पहिल्या तीन दिवसांत पाच कोटी डॉलर जमवणाऱ्या चित्राला एकतीस दिवस, बाकीच्यांना सतरा. म्हणजे मुदत चित्राच्या चालण्यावर ठरायची. चालते आहे तोवर थिएटरात राहू द्या, पडद्यावरून उतरले की घरी जाऊ द्या. असा सरकता नियम आपल्या लहान चित्रांना लावला तर चित्रगृहाचे फारसे बुडणार नाही. जिथे खेळच लावलेला नाही तिथे बुडायचे काय? निर्मात्याचे मात्र चार पैसे वाचतील आणि चित्राची आठवण ताजी असतानाच ते घरोघरी जाईल. त्यासाठी निर्माते, चित्रगृहचालक आणि ओटीटी कंपन्या यांनी एकत्र बसायला हवे. ते कधी बसतील हे त्यांचे त्यांना ठाऊक!

राहता राहिला तो तुमचा-आमचा, प्रेक्षकाचा वाटा. मुदतीचा कागद कोणीही लिहो, तो खरा करतात ते आपण. 'येईलच घरी' असे सगळ्यांनीच म्हटले तर चित्र शुक्रवारीच पडते, आणि पडलेल्या चित्राला घरच्या पडद्यावरही भाव मिळत नाही. मग त्या दिग्दर्शकाचे पुढचे चित्र निघणे कठीण. सगळीच चित्रे थिएटरात पाहणे कुणालाच परवडणार नाही, आणि तसा आग्रह धरणेही बरोबर नाही. पण जे चित्र टिकावे असे मनापासून वाटते, विशेषतः आपल्या भाषेतले, त्याला पहिल्या आठवड्यात जावे. बाकीच्यांसाठी आठ आठवडे थांबायला हरकत नाही. आंबा काय, मे महिन्यातही गोडच लागतो. पण कुणीतरी पहिली पेटी घेतली, म्हणून बागायतदार पुढच्या वर्षीची बाग राखतो.